नळाखाली धरलेला चमचा

स्टीलचा एक चमचा घ्या. दांड्याचं टोक दोन बोटांत अगदी अलगद धरा, चमचा मोकळा लोंबला पाहिजे. आता नळ सोडा. धार बारीक, पण सलग हवी. चमच्याची फुगीर पाठ हळूहळू त्या धारेजवळ न्या.

काय होईल? बहुतेक जण म्हणतात, पाणी चमच्याला ढकलून देईल. करून बघा. पाठ धारेला टेकली रे टेकली, की चमचा धारेतच ओढला जातो! हात बाजूला न्या, दांडा तिरपा होतो, पण चमचा काही धार सोडत नाही.

पाणी पडतंय सरळ खाली आणि चमचा ओढला जातोय आडवा. ही ओढ आली कुठून? उत्तर सांगते, पण त्यासाठी जरा फिरून यावं लागेल. पाण्याचे दोन नियम आहेत. ते एकदा कळले, की चमच्यापासून वीजघरापर्यंत सगळीकडे तेच दिसायला लागतात. ते बघायला आपण शिवाजीनगरला जाऊ.

पुण्यातल्या मुलांनो, तुमचं शिवाजीनगर नव्हे! हे शिवाजीनगर बेंगळुरूतलं. इंग्रजांच्या कँटोन्मेंटमधल्या या वस्तीला पूर्वी ब्लॅकपल्ली म्हणत. पुढे तिला शिवाजी महाराजांचं नाव दिलं गेलं, आणि ते शोभतंही, कारण महाराजांचे वडील शहाजीराजे १६३८ पासून बेंगळुरूची जहागीर सांभाळत होते. आज तिथे मोठं बसस्थानक आहे, १९२७ साली बांधलेलं रसेल मार्केट आहे आणि त्याच्या जवळच सेंट मेरी बॅसिलिकाचा उंच मनोरा. कन्नड, तमिळ, उर्दू, मराठी अशा सगळ्या भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात. आणि प्रत्येक घरात एक प्रश्न असतोच: आज नळाला पाणी कधी येणार?

त्याच नळाखाली वाकून धारेकडे बघा. तोटीपाशी धार जाड असते आणि खाली जाता जाता बारीक होत जाते. मध्येच कुणी पाणी काढून घेतलं नाही, मग ती बारीक का झाली?

पाणी खाली पडताना त्याचा वेग वाढतो. समजा, तोटीतून ते सेकंदाला अर्धा मीटर वेगानं निघालं. वीतभर, म्हणजे १५ सेंटिमीटर खाली येईपर्यंत तोच वेग सेकंदाला जवळजवळ १.८ मीटर होतो, साडेतीन पट. आता तोटीतून दर सेकंदाला जेवढं पाणी निघतं तेवढंच दर सेकंदाला खालूनही गेलं पाहिजे. ना कमी, ना जास्त. वेग साडेतीन पट झाला, तर धारेचा छेद साडेतीन पट लहान व्हायलाच हवा. छेद म्हणजे क्षेत्रफळ, ते साडेतीन पट लहान व्हायला जाडी जवळजवळ निम्मी झाली की पुरतं. म्हणून वर दोन सेंटिमीटर जाड असलेली धार खाली एकाच सेंटिमीटरची उरते. पट्टी घेऊन मोजा, धार कधी खोटं बोलत नाही.

हा पहिला नियम, वस्तुमान अक्षय्यतेचा. पाणी वाटेत नाहीसं होत नाही आणि वाटेत जन्मालाही येत नाही. आत जेवढं, बाहेर तेवढं.

एक गोष्ट इथे नीट समजून घेऊ. सप्टेंबरात सेंट मेरीच्या सणाला शिवाजीनगरात प्रचंड गर्दी होते. एवढी माणसं अरुंद गल्लीत शिरली की काय होतं? दाटी होते. माणसं एकमेकांना चिकटतात, चालणं मंदावतं. गल्लीत माणसं साठत जातात, म्हणून आत शिरणारे जास्त आणि बाहेर पडणारे कमी, असं थोडा वेळ चालू शकतं. पाण्याचं तसं नाही. पाणी जवळजवळ दबतच नाही. एका लिटरच्या जागेत सव्वा लिटर कोंबायला गेलात तर जमणार नाही. म्हणून वाट अरुंद झाली की माणसांची गर्दी मंदावते, पाणी मात्र वेग वाढवतं. (‘जवळजवळ’ हा शब्द लक्षात ठेवा. पुढे तो मोठा आवाज करणार आहे.)

ही गोष्ट पहिल्यांदा नीट लिहून ठेवणाऱ्यांत गॅलिलिओचा एक शिष्य होता, बेनेदेत्तो कास्तेल्ली. वाहत्या पाण्याच्या मोजमापावरचं त्याचं पुस्तक १६२८ साली छापलं गेलं. म्हणजे शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला अजून दोन वर्षं होती! कास्तेल्लीनं ठासून सांगितलं, की नुसत्या प्रवाहाची रुंदी आणि खोली मोजून पाणी किती ते कळत नाही, वेगही मोजावा लागतो. मला हा माणूस फार आवडतो, कारण त्याचं म्हणणं आजही रोज उपयोगी पडतं. दोन शेजाऱ्यांकडे अर्ध्या इंचाचेच नळ असतात. एकाची टाकी भरून वाहते, दुसऱ्याची बादलीही भरत नाही. नळ सारखा आहे, मग पाणी सारखं का नाही? कारण वेग सारखा नाही.

आता हे पाणी येतं कुठून ते बघू. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंच पठारावर वसलंय आणि शहरातून मोठी नदी वाहत नाही. म्हणून पूर्वी तलाव बांधले. कँटोन्मेंटला पाणी मिळावं म्हणून १८८२ मध्ये बांधलेला सँकी तलाव अजूनही आहे. शहर वाढलं, तलाव अपुरे पडले आणि १९७४ मध्ये कावेरीचं पाणी आलं. ते निघतं सुमारे १०० किलोमीटर दूर असलेल्या तोरेकाडनहळ्ळीहून. नदी खाली आणि शहर वर, म्हणून पाणी जवळजवळ ५०० मीटर उचलावं लागतं. एका दमात हे होत नाही. तोरेकाडनहळ्ळी, हारोहळ्ळी आणि तातगुणी अशा तीन ठिकाणचे पंप ते टप्प्याटप्प्यानं वर चढवतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये या योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला, दिवसाला ७७.५ कोटी लिटर पाणी आणण्यासाठी. भागाकार करून बघा, सेकंदाला जवळजवळ नऊ हजार लिटर होतात!

आणि इथे पहिला नियम चक्क गुप्तहेराचं काम करतो. पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर एखाद्या वस्तीत शिरणाऱ्या मोठ्या नळावर मीटर बसवतात. त्या वस्तीतल्या सगळ्या घरांच्या मीटरांची बेरीज करतात. दोन्ही आकडे जुळायला हवेत. नाही जुळले, तर? पाणी हवेत विरत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे जमिनीखाली कुठेतरी नळ फुटलाय, नाहीतर मीटरला चुकवून कुणी पाणी घेतंय. मग रात्री, सगळे झोपल्यावर, पुन्हा मोजतात. रात्री तीन वाजता फारसं कुणी आंघोळ करत नाही, तरीही मोठ्या नळातून पाणी जोरात आत येत असेल तर गळती नक्की. एक फरशीही न उखडता केवळ बेरीज-वजाबाकीनं जमिनीखालची भेग कळते. मला हे विज्ञानातलं अतिशय सुंदर काम वाटतं.

आता जरा खेळू. झाडांना पाणी घालताना पाइपच्या तोंडावर अंगठा ठेवला की धार लांब उडते, हे तुम्हाला माहीत आहे. का उडते? तुम्ही म्हणाल, पहिला नियम! तोंड लहान झालं, म्हणून वेग वाढला.

बरोबर आहे, पण अर्धंच. एक बादली घ्या. आधी अंगठा न ठेवता ती भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा. मग अंगठ्यानं तोंड अर्ध्याहून जास्त झाकून बघा. बादली उशिरा भरते! म्हणजे अंगठ्यामुळे पाणी कमी येऊ लागलं, तरी ते जोरात उडतंय.

गोष्ट अशी आहे. लांब पाइपातून येताना पाणी पाइपच्या आतल्या बाजूला घासत येतं आणि त्यात त्याचा बराचसा दाब खर्च होतो. अंगठ्यानं वाट अडवली की पाइपमधलं पाणी हळू चालतं. हळू चाललं की घासणं कमी, आणि दाब शिल्लक राहतो. तो शिल्लक दाब अंगठ्याच्या मागे उभा असतो आणि फटीतून पाणी जोरात बाहेर फेकतो. पहिला नियम एवढंच सांगतो, की पाइपमध्ये जितकं पाणी चालतंय तितकंच फटीतून निघतंय. किती चालेल हे दाब आणि घर्षण मिळून ठरवतात. नियम कुठपर्यंत बोलतो आणि कुठे गप्प बसतो, हे ओळखता आलं की विज्ञान खरं कळायला लागतं.

धार लहान आहे म्हणून तुम्हाला दुसरी एक गोष्ट जाणवली नसेल. पाइप हातात मागे रेटतो! ज्यांना ती पुरेपूर जाणवते ते म्हणजे अग्निशमन दलाचे जवान. २०१२ च्या फेब्रुवारीत रसेल मार्केटला मोठी आग लागली आणि अनेक दुकानं जळाली. अशा जागी बंब पोचतो, होज पसरतात आणि पाणी सुरू होतं. तेव्हा जवान नोझल कसं धरतात ते कधी चित्रफितीत बघा. एक पाय पुढे, एक मागे, अंग पुढे झुकवलेलं आणि बहुतेक वेळा मागे आधाराला दुसरा जवान.

हिशेब करू. आग विझवायचा होज साधारण ६३ मिलिमीटर व्यासाचा असतो. पुढचं नोझल १९ मिलिमीटरचं धरू. मिनिटाला ५०० लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे सव्वाआठ किलो पाणी जातंय असं समजा. होजमध्ये त्या पाण्याचा वेग सेकंदाला पावणेतीन मीटरही नसतो. नोझलचा छेद मात्र अकरा पट लहान आहे, म्हणून तिथे वेग अकरा पट होतो, जवळजवळ ३० मीटर. हा झाला पहिला नियम. आता दुसरा.

वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. पाण्याचा संवेग बदलायचा असेल, म्हणजे त्याला वेगानं पळवायचं, थांबवायचं किंवा वळवायचं असेल, तर कुणीतरी त्याच्यावर बल लावायला हवं. आणि जो बल लावतो त्याच्यावर पाणी तेवढंच बल उलट लावतं. न्यूटननं १६८७ मध्ये लिहिलेले हे नियम. आपल्या नोझलमधून सेकंदाला सव्वाआठ किलो पाणी ३० मीटर वेगानं बाहेर फेकलं जातंय. गुणाकार केला की सुमारे २५० न्यूटन होतात. पंचवीस किलोचं पोतं उचलायला जेवढा जोर लागेल तेवढा जोर जवानाला मागे रेटतोय, तोही एक क्षणभर न थांबता, धुरात आणि उकाड्यात. नोझल हातातून सुटलं तर होज वेडावाकडा आपटत सुटतो आणि माणसाला जखमी करू शकतो. म्हणून पाणी बंद करेपर्यंत ते हातातून सोडायचं नसतं.

‘वळवायचं’ हा शब्द मी मुद्दाम घातलाय. वेग तोच राहिला तरी दिशा बदलली की संवेग बदलतो. चमच्याचं कोडं इथेच सुटतं!

चमचा धारेच्या उजव्या बाजूला आहे असं धरा. पाणी त्याच्या फुगीर पाठीला बिलगतं आणि पाठीच्या वळणाबरोबर वळतं. वरून सरळ खाली येणारी धार चमच्याच्या टोकाशी उजवीकडे झुकून निघते. नीट बघा, तुम्हाला ती तिरपी झालेली दिसेल. पाण्याला उजवीकडे कुणी वळवलं? चमच्यानं. मग पाण्यानं चमच्याला कुठे रेटलं? डावीकडे, म्हणजे थेट धारेच्या आत. प्रत्यक्षात हा धक्का चमच्याला देते ती हवा. वळणाऱ्या पाण्याच्या थराखाली दाब थोडा कमी होतो आणि चमच्याच्या खोलगट बाजूची हवा आपल्या पूर्ण दाबानं त्याला पाण्याकडे ढकलते. आता मुद्दाम चमचा उलटा करा. खोलगट बाजू धारेत धरली की पाणी दुसरीकडे वळतं आणि चमचा दूर ढकलला जातो.

जमिनीखालचे मोठे नळही असेच वळतात, रस्त्याच्या कोपऱ्यावर, डोंगराच्या पायथ्याशी. एक मीटर व्यासाचा नळ घ्या, त्यात पाणी सेकंदाला दोन मीटर वेगानं चाललंय आणि ते काटकोनात वळतंय. पाण्याची दिशा बदलल्यामुळे वळणाला बसणारा रेटा निघतो सुमारे साडेचारशे किलो वजनाइतका. बराच आहे. पण खरा पैलवान वेगळाच असतो. पंपानं पाणी वर चढवायचं म्हणजे नळात दाबही हवा. हिशेब सोपा व्हावा म्हणून १०० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब धरू. तो दाबही त्या कोपऱ्याला बाहेर ढकलत असतो, आणि हा रेटा शंभर टनांच्या वर जातो! म्हणून अशा वळणाशी जमिनीत काँक्रीटचा मोठा ठोकळा ओततात. इंजिनिअर त्याला थ्रस्ट ब्लॉक म्हणतात. वरून जाणाऱ्या माणसाला तो दिसतही नाही, पण तो नसेल तर नळाचे सांधे निखळून रस्त्यावर कारंजी उडतील.

आणि आता तो ‘जवळजवळ’. आपल्या एक मीटरच्या नळाच्या एका किलोमीटरमध्ये ७८५ टन पाणी मावतं. एवढं पाणी चालत असताना पुढची झडप अचानक बंद केली तर? सगळ्या पाण्याचा संवेग क्षणात शून्य करायचा, म्हणजे बल प्रचंड लागणार. झडपेजवळचं पाणी थांबतं, मागचं येऊन त्यावर आदळतं आणि न दबणारं पाणी किंचित दबतं. ती दाबाची लाट सेकंदाला एक किलोमीटरच्या आसपास वेगानं नळातून मागे पळते. मॉस्कोच्या नळांवर प्रयोग करून निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९८ मध्ये याचं गणित मांडलं. वेग सेकंदाला फक्त एक मीटरनं जरी अचानक तुटला, तरी दाब १०० मीटर स्तंभाइतका वाढू शकतो. इंजिनिअर याला वॉटर हॅमर म्हणतात. मोठ्या झडपा म्हणूनच सावकाश फिरवतात. तुमच्या घरीही नळ झटकन बंद केल्यावर भिंतीत कधी ‘ठक्’ असा आवाज येतो ना? तोच हा.

पाण्याच्या या रेट्याला माणसानं कामालाही लावलंय. बेंगळुरूला पाणी देणारी कावेरी शिवनसमुद्रजवळ कड्यावरून कोसळते. तिथे १९०२ मध्ये वीजघर सुरू झालं. वीज आधी कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली आणि १९०५ मध्ये बेंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले.

पण पाण्याच्या धक्क्याचा कमालीचा उपयोग बघायचा तर आपल्या खोपोलीला चला. लोणावळ्याजवळच्या तलावांत साठवलेलं पावसाचं पाणी टाटांनी घाटाखाली आणलं आणि १९१५ मध्ये तिथे वीज तयार होऊ लागली. ती मुंबईच्या गिरण्यांना गेली. पाणी सुमारे ५०० मीटर खाली येतं आणि नोझलमधून सुटतं तेव्हा त्याचा वेग असतो सेकंदाला जवळजवळ १०० मीटर, म्हणजे ताशी ३६० किलोमीटर! ही धार आदळते पेल्टन चाकावर. कोयनेच्या भूमिगत वीजघरातही हीच चाकं आहेत.

अमेरिकेतल्या लेस्टर पेल्टन यांनी १८८० मध्ये या चाकाचं पेटंट घेतलं. चाकाच्या कडेला ओळीनं वाट्या बसवलेल्या असतात, आणि प्रत्येक वाटीच्या मधोमध धारदार कणा. धार कण्यावर दुभंगते, दोन्ही बाजूंच्या खोलगट भागातून गोल फिरते आणि जवळजवळ आली त्याच दिशेला परत फेकली जाते. सपाट फळीवर आदळून पाणी बाजूला उडालं असतं, तर त्याला नुसतं थांबवण्याइतकाच धक्का मिळाला असता. इथे पाणी थांबतं आणि शिवाय उलटं फिरतं, म्हणून धक्का जवळजवळ दुप्पट.

यातला सर्वांत सुंदर भाग अजून सांगायचाय. वाट्या किती वेगानं पळाव्यात? उत्तर आहे, धारेच्या निम्म्या वेगानं. धार १०० मीटर वेगानं येते, वाटी ५० मीटरनं पुढे पळते. वाटीवर बसलेल्या मुंगीला पाणी ५० मीटरनं येताना दिसेल आणि ५० मीटरनं मागे जाताना दिसेल. पण वाटी स्वतः ५० मीटरनं पुढे पळतेय! म्हणजे जमिनीवर उभं राहून बघणाऱ्याला ते पाणी किती वेगानं जाताना दिसेल? ५० पुढे, ५० मागे, शून्य. पाण्यानं आपला सगळा वेग चाकाला देऊन टाकला. खरं पाणी अगदी शून्यावर येत नाही, नाहीतर ते वाटीजवळून दूर कसं जाणार? थोडासा वेग त्याच्याकडे ठेवावाच लागतो. तरीही चांगलं पेल्टन चाक धारेतल्या ऊर्जेचा नव्वद टक्क्यांच्या आसपासचा भाग पकडतं.

आता तुमचं चाक तुम्ही बनवा. प्लॅस्टिकची रिकामी बाटली घ्या. तळाच्या जरा वर, समोरासमोर दोन छिद्रं मोठ्या माणसाकडून पाडून घ्या आणि त्यांत वाकणाऱ्या स्ट्रॉचे दोन तुकडे पक्के बसवा. दोन्ही स्ट्रॉ वाकवून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेला तोंड करा. बाटलीच्या गळ्याला दोरा बांधून ती लोंबती ठेवा, पाणी भरा आणि सोडा. युरोपात १७५० च्या सुमारास योहान झेग्नर यांनी याच युक्तीचं यंत्र केलं होतं. बाटली कुठल्या बाजूला फिरेल, ते पाणी ओतायच्या आधी वहीत लिहून ठेवा. मग एक स्ट्रॉ उलट दिशेला वळवा आणि पुन्हा लिहा.